कराचीतला गारुडी, ह्यूस्टनमधली अटक: जॅझ दिनाच्या आयोजकांना खुलं पत्र

प्रति,
मुंबई, पुणे आणि गोव्यात ३० एप्रिलला जॅझ दिन साजरा करणाऱ्या संस्था, सभागृहांचे व्यवस्थापक आणि प्रदर्शनं मांडणारी मंडळी यांस,

स. न. वि. वि.

युनेस्कोनं २०११ मध्ये ३० एप्रिल हा आंतरराष्ट्रीय जॅझ दिन म्हणून जाहीर केला. या दिवसाच्या कार्यक्रमांत ‘जॅझचे राजदूत’, म्हणजे पन्नास-साठच्या दशकांत अमेरिकी सरकारनं परदेश दौऱ्यांवर पाठवलेले वादक, हा विषय हटकून निघतो. पडद्यावर डिझी गिलेस्पी एका गारुड्यासमोर ट्रम्पेट घेऊन बसलेले दिसतात. ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँगना आफ्रिकेत लोकांनी खुर्चीसकट खांद्यावर उचललेलं असतं. संगीताला सीमा नसतात, असं निवेदक सांगतात, टाळ्या पडतात आणि पुढचं गाणं सुरू होतं.

आम्ही जॅझ ऐकणारे, वाजवणारे आणि जुन्या तबकड्या सांभाळणारे काही जण. मागणी एकच आहे. हे दौरे दाखवाल तेव्हा त्याच महिन्यांत या वादकांच्या स्वतःच्या देशात काय चाललं होतं, तेही त्याच भिंतीवर आणि तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लावा. अमेरिकी सरकारनं कृष्णवर्णीय कलावंतांना जगभर फिरवलं, त्यामागे घरातल्या वर्णभेदामुळे बाहेर होणारी नाचक्की हे एक मोठं कारण होतं. ते सांगितलं नाही तर गारुड्याचा फोटो सहलीच्या अल्बममधला होऊन बसतो. (आणि तो फोटो कराचीचा आहे. १९५६ च्या त्या दौऱ्यात गिलेस्पी भारतात आलेच नाहीत.)

दौऱ्यांच्या गोष्टीची सुरुवात ह्यूस्टनपासून करा, असं आम्ही सुचवू. ऑगस्ट १९५५ मध्ये भारताचे अमेरिकेतले राजदूत गगनविहारी मेहता टेक्सासमधल्या या शहराच्या विमानतळावर जेवायला बसले, तेव्हा त्यांना गोऱ्यांच्या दालनातून उठून वेगळ्या खोलीत बसायला सांगण्यात आलं. परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस यांच्यावर माफी मागायची वेळ आली. त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी, ७ ऑक्टोबरला, त्याच शहरातल्या म्युझिक हॉलमध्ये जॅझचे कार्यक्रम भरवणारे नॉर्मन ग्रॅन्झ यांच्या चमूचा कार्यक्रम होता. प्रेक्षकांत गोरे-काळे असे भाग पाडायचे नाहीत ही ग्रॅन्झ यांची अट. त्यांनी सभागृहातल्या ‘गोरे’ आणि ‘निग्रो’ या पाट्यासुद्धा उतरवल्या. कार्यक्रम चालू असताना साध्या वेशातले पोलीस गायिका एला फिट्झजेराल्ड यांच्या रंगपटात घुसले. तिथं गिलेस्पी आणि सॅक्सोफोनवादक इलिनॉय जॅकेट फासे टाकत बसले होते. एलाबाईंसह सगळ्यांना जुगाराच्या आरोपाखाली ठाण्यावर नेलं, दहा-दहा डॉलरचा जामीन घेतला आणि सोडलं. वर्तमानपत्रांचे फोटोग्राफर ठाण्यावर हजर होतेच. पुढच्या सहा महिन्यांच्या आत हेच गिलेस्पी अमेरिकी सरकारचे पहिले जॅझ-राजदूत म्हणून इराणमध्ये अबादानला उतरले.

हे सहा महिने कसे जुळून आले, ते थोडक्यात. शाळांतल्या वर्णभेदाच्या खटल्यात अमेरिकेच्या न्याय खात्यानं डिसेंबर १९५२ मध्येच सर्वोच्च न्यायालयाला लेखी कळवलं होतं, की हा भेदभाव परराष्ट्र धोरणाला जड जातोय. सोबत तेव्हाचे परराष्ट्रमंत्री ॲचिसन यांचं पत्रही जोडलं होतं. १९५४ मध्ये अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी पन्नास लाख डॉलरचा आपत्कालीन निधी मंजूर करून घेतला. त्यातले सुमारे साडेबावीस लाख नाटक, नृत्य, संगीत आणि खेळ परदेशी पाठवण्यासाठी होते. कोणाला पाठवायचं हे अमेरिकन नॅशनल थिएटर अँड अकॅडमी या संस्थेच्या समित्या ठरवत आणि सुरुवातीला तिथल्या संगीत समितीत सिम्फनीवाल्यांचीच चलती होती. जॅझसाठी जोर लावला तो न्यूयॉर्कमधल्या हार्लेमचे खासदार ॲडम क्लेटन पॉवेल यांनी. एप्रिल १९५५ मध्ये ते इंडोनेशियातल्या बांडुंग परिषदेला स्वतः गेले होते. नव्यानं स्वतंत्र झालेले आशिया-आफ्रिकेतले देश अमेरिकेकडे कोणत्या नजरेनं पाहतात, हे त्यांनी तिथं पाहिलं होतं. पॉवेल यांच्या पत्नी हेझल स्कॉट स्वतः नावाजलेल्या जॅझ पियानोवादक. १९५० मध्ये कम्युनिस्टधार्जिण्यांच्या यादीत नाव आल्यावर त्यांचा दूरचित्रवाणीवरचा कार्यक्रम बंद पडला होता. पतीनं सुचवलेल्या योजनेत पत्नीला जागा नव्हती. ही एक ओळ तुमच्या फलकावर जरूर घ्या. योजनेचा स्वभाव तिच्यातून जितका कळतो, तितका लांबलचक प्रस्तावनेतून कळणार नाही.

आता गिलेस्पींचा दौरा. मार्च १९५६ च्या अखेरीस अबादान, मग ढाका, कराची, बैरुत, दमास्कस, अलेप्पो, अंकारा, इस्तंबूल, बेलग्रेड, झाग्रेब, अथेन्स. ढाक्यापुढे ‘पूर्व पाकिस्तान’ आणि बेलग्रेडपुढे ‘युगोस्लाव्हिया’ लिहा, नाहीतर शाळेची मुलं नकाशात गोंधळतात. बँडमध्ये काळे-गोरे दोन्ही होते आणि ते मुद्दाम तसं होतं. सांगीतिक बाजू तेवीस वर्षांचे क्विन्सी जोन्स सांभाळत होते, आल्टो सॅक्सोफोनवर गोरे फिल वुड्स होते आणि ट्रॉम्बोनवर मेल्बा लिस्टन या बाई. पश्चिम आशियात बायका त्यांना बाजूला घेऊन विचारत की हे कसं काय जमवलंत. कार्यक्रमाचा पहिला भाग म्हणजे जॅझचा इतिहासच होता: आफ्रिकी ढोल, गुलामीतली भजनं, न्यू ऑर्लिन्सचा छोटा ताफा, मग स्विंग. दुसऱ्या भागात बँडचं स्वतःचं संगीत. व्याख्यानासाठी मार्शल स्टर्न्स बरोबर होते. निघण्यापूर्वी परराष्ट्र खात्याला गिलेस्पींचा ‘वर्ग’ घ्यायचा होता: वर्णभेदाबद्दल विचारलं तर काय उत्तर द्यायचं, वगैरे. त्यांनी तो टाळला. आपलं शिक्षण गेली तीनशे वर्षं चाललंय, आणि आपण कुणाच्या वतीनं सबबी सांगणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा मतलब होता.

हा बँड परदेशात फिरत असताना १० एप्रिल १९५६ ला अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहरात नॅट किंग कोल फक्त गोऱ्या प्रेक्षकांसमोर गात होते. पहिल्या खेळाला गोरेच, काळ्यांसाठी दुसरा खेळ, अशी तिथली रीत. गाणं चालू असताना काही माणसांनी मंचावर चढून त्यांना खाली पाडलं. बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध माँटगोमेरीतल्या कृष्णवर्णीयांनी बसवर टाकलेला बहिष्कार तेव्हा पाचव्या महिन्यात होता.

फलक नेमका कसा करायचा, ते इथंच सांगतो. दोन उभे रकाने करा, मधे तारखांची पट्टी ठेवा. डावीकडे ‘बाहेर’, उजवीकडे ‘घरी’. नोंदी वर्षवार लावू नका, महिनावार लावा. वर्षवार लावल्या की १९५६ च्या चौकोनात सगळं एकत्र पडतं आणि नॅट कोल यांच्यावरचा हल्ला गिलेस्पींचा दौरा चालू असतानाच झाला, हे दिसतच नाही. एका नोंदीत चाळीस शब्दांपेक्षा जास्त नकोत. हातभर अंतरावरून वाचायचं असेल तर मजकूर चोवीस पॉइंटच्या खाली नेऊ नका. फलकाचा मध्य जमिनीपासून साधारण पाच फुटांवर येऊ द्या. मजकूर युनिकोडमध्ये लिहून छापखान्यात दिलात आणि तिथल्या माणसानं तो जुन्या फॉन्टमध्ये ओतला, तर जोडाक्षरं फुटतात. ‘ट्रम्पेट’, ‘ब्रुबेक’, ‘आर्मस्ट्राँग’ हे तीन शब्द पहिले बळी. फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ द्या आणि छापण्याआधी एक कागदी प्रूफ मागून घ्या. स्क्रीनवर पाहून ‘ओके’ म्हणू नका.

अंकाऱ्याचा प्रसंग एक स्वतंत्र नोंद म्हणून घ्या. तिथल्या बागेत निवडक पाहुण्यांसाठी कार्यक्रम होता आणि भिंतीबाहेर रस्त्यावरची पोरं गोळा झाली होती. त्यांना आत घेतल्याशिवाय वाजवणार नाही, असं गिलेस्पींनी सांगितलं. या दौऱ्यांची ही कायमची दुखरी जागा होती. तिकिटं आणि निमंत्रणं दूतावासाच्या ओळखीपाळखीत वाटली जायची, आणि ज्या सामान्य लोकांची मनं जिंकायला म्हणून एवढा खर्च व्हायचा, ते बाहेरच राहायचे. १९६३ मध्ये बँडप्रमुख ड्यूक एलिंग्टन यांच्या वादकांनीही हीच तक्रार केली. घरी वेगळीच बोंब होती. लुइझियानाचे सिनेटर एलेंडर यांनी सरकारी पैशानं असला गोंगाट कशाला पाठवता, म्हणून सिनेटमध्ये टीका केली. त्याच लुइझियानानं १९५६ मध्ये कायदा करून काळ्या-गोऱ्यांनी एकत्र मंचावर येण्यावर बंदी घातली. न्यू ऑर्लिन्स हे आर्मस्ट्राँग यांचं जन्मगाव. त्यांच्या ताफ्यात काळे-गोरे दोन्ही असल्यानं १९६५ पर्यंत ते गावात वाजवायला गेले नाहीत.

अमेरिकी सरकारच्या ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ या नभोवाणीचा उल्लेख करणार असाल तर एक तपशील गाळू नका. विलिस कॉनोव्हर यांचा जॅझचा रात्रीचा कार्यक्रम जानेवारी १९५५ मध्ये सुरू झाला. वॉर्सा, मॉस्को, मुंबई, कुठंही शॉर्टवेव्हवर लोक तो कान लावून ऐकत. कॉनोव्हर मुद्दाम सावकाश, सोप्या इंग्रजीत बोलत. पण १९४८ च्या कायद्यामुळे हे प्रक्षेपण अमेरिकेतल्या श्रोत्यांसाठी नव्हतं. परदेशात घराघरांत पोचलेला हा आवाज स्वतःच्या देशात जवळपास अनोळखी राहिला.

मुंबईच्या प्रेक्षकांना सर्वांत जवळचा दौरा पियानोवादक डेव्ह ब्रुबेक यांचा. त्याला भरपूर जागा द्या. फेब्रुवारी १९५८ मध्ये, दौऱ्यावर निघण्याच्या तोंडावर, ब्रुबेक यांचा चौकडा नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिल गावी ईस्ट कॅरोलायना कॉलेजात वाजवायला गेला. डबल बेसवर यूजीन राइट, कृष्णवर्णीय. बाकी तिघं गोरे. काळा वादक मंचावर चालणार नाही, असं कॉलेजनं ऐन वेळी सांगितलं. राइट नाहीत तर कार्यक्रम नाही, असं ब्रुबेक म्हणाले. आत विद्यार्थी पाय आपटत होते. आम्ही लवकरच परराष्ट्र खात्यातर्फे परदेशी निघालोय, हेही ब्रुबेक यांनी कानावर घातलं. कॉलेजच्या अध्यक्षांनी थेट राज्यपाल लूथर हॉजेस यांना फोन लावला आणि शेवटी परवानगी मिळाली, पण एका अटीवर: राइट यांनी मागे राहायचं. मंचावर गेल्यावर ब्रुबेक यांनी राइटना सांगितलं की तुमचा मायक्रोफोन बिघडलाय, तेव्हा एकल वादन करताना पुढच्या मायक्रोफोनवर या. राइट सगळ्यांच्या पुढे येऊन वाजवून गेले आणि सभागृहानं ते डोक्यावर घेतलं. डबल बेस हे सहा फुटी वाद्य आहे, त्याला कुणी मागे लपवू म्हणेल तरी ते कठीणच.

त्यानंतर पोलंड, तुर्कस्तान, भारत, सिलोन, पाकिस्तानचे दोन्ही भाग, अफगाणिस्तान, इराण, इराक. आपल्याकडे चौकडा दिल्ली, मुंबई, मद्रास, कलकत्ता इथं वाजवून गेला. मुंबईत ब्रुबेक आणि सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांची बैठक झाली. मद्रासमध्ये ड्रमर जो मोरेलो मृदंगम् वाजवणाऱ्यांबरोबर रमले. इथपर्यंतची गोष्ट सगळेच सांगतात. याच सुमाराला मुंबईचं आणखी एक नाव या प्रकरणात येतं, ते मात्र कुणी घेत नाही. ९ एप्रिल १९५८ ला पॉल रोबसन साठ वर्षांचे झाले. गायक, नट, आणि वर्णभेदाविरुद्ध उघड बोलणारा माणूस. म्हणून १९५० पासून अमेरिकी सरकारनं त्यांचं पारपत्र काढून घेतलेलं. भारतात त्यांचा वाढदिवस जाहीरपणे साजरा करण्यासाठी राष्ट्रीय समिती स्थापन झाली. तिचे अध्यक्ष मुंबई उच्च न्यायालयाचे तेव्हाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला. पंतप्रधान नेहरूंनी गौरवाचं निवेदन काढलं. अमेरिकी दूतावासाला हे चांगलंच झोंबलं. एकीकडे सरकारच्या खर्चानं आलेला जॅझचा ताफा इथल्या सभागृहांत वाजवतोय आणि दुसरीकडे त्याच सरकारनं ज्याला देशाबाहेर पाऊल टाकू दिलं नाही, त्याचा वाढदिवस इथं होतोय. (पारपत्रांबाबत सर्वोच्च न्यायालयाचा निकाल जूनमध्ये लागला, तेव्हा कुठं रोबसन बाहेर पडू शकले. आणि छागला त्याच वर्षी भारताचे राजदूत म्हणून वॉशिंग्टनला गेले.) मुंबईत फलक लावणाऱ्यांनी १९५८ च्या चौकोनात छागलांचं नाव नाही घेतलं, तर तो फलक न्यूयॉर्कहून आयता आणल्यासारखा दिसेल.

परतल्यावर दोन वर्षांनी, १९६० च्या सुरुवातीला, ब्रुबेक यांचा दक्षिणेतल्या कॉलेजांचा सुमारे पंचवीस कार्यक्रमांचा दौरा ठरला होता. राइट यांच्या जागी गोरा बेसवादक आणा, असं कॉलेजांनी कळवलं. ब्रुबेक यांनी नकार दिला आणि त्यातले बहुतेक कार्यक्रम गेले. काबूल आणि बगदादला जो चौकडा चालला, तो जॉर्जियात चालला नाही. दाखवायचे दात आणि खायचे दात, दुसरं काय.

आर्मस्ट्राँग यांच्या बाबतीत चुका सर्वांत जास्त होतात, म्हणून नीट लिहून ठेवा. मे १९५६ ची आक्रा भेट ही परराष्ट्र खात्याची नव्हती. ती एका अमेरिकी दूरचित्रवाणी कंपनीच्या चित्रीकरणासाठी झाली होती. शिवाय घाना हे नाव मार्च १९५७ मधलं, भेटीच्या वेळी ते गोल्ड कोस्ट होतं. फेब्रुवारी १९५७ मध्ये टेनेसीतल्या नॉक्सव्हिलला ते वाजवत असताना सभागृहाबाहेर डायनामाइट फेकण्यात आलं. सप्टेंबर १९५७ मध्ये आर्कान्सातल्या लिटल रॉकच्या गोऱ्यांच्या शाळेत नऊ कृष्णवर्णीय मुलांना जाऊ देईनात, तेव्हा नॉर्थ डकोटातल्या ग्रँड फोर्क्स गावी एका तरुण वार्ताहराला आर्मस्ट्राँग यांनी सांगितलं, की अध्यक्षांत धमक नाही, आणि माझ्या लोकांना दक्षिणेत असं वागवणारं सरकार खड्ड्यात गेलं तरी बेहत्तर. सोव्हिएत दौऱ्याचं बोलणं चालू होतं, त्यातून ते बाजूला झाले. आठवड्याभरात आयझेनहॉवर यांनी लिटल रॉकला सैन्य पाठवलं. मुलाखतीमुळेच पाठवलं, असं लिहू नका, तारखा शेजारी ठेवल्या की पुरे.

परराष्ट्र खात्यानं पाठवलेल्या आर्मस्ट्राँग यांचा मोठा आफ्रिका दौरा १९६० च्या शरदात सुरू झाला. खुर्चीतला फोटो तिथला. ऑक्टोबरअखेरीस ते काँगोच्या लिओपोल्डव्हिलला (आताच्या किन्शासाला) पोचले. त्यांच्यासाठी यादवी युद्ध थांबलं, हे वाक्य निवेदकांना फार आवडतं. ते वापरायचंच असेल तर पुढचं वाक्य हे असू द्या: निवडून आलेले पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा तेव्हा त्याच शहरात नजरकैदेत होते, सीआयए त्यांच्या हत्येचा बेत आखत होती हे १९७५ मध्ये सिनेटर फ्रँक चर्च यांच्या समितीनं नोंदवलं, आणि १७ जानेवारी १९६१ ला लुमुंबांना मारण्यात आलं. ट्रम्पेटवाल्याला यातलं काही ठाऊक होतं, असं सुचवूही नका. त्याला तिथं पाठवणाऱ्या सरकारबद्दल आपण बोलतोय.

ड्यूक एलिंग्टन सप्टेंबर १९६३ मध्ये दमास्कसहून निघाले. दौऱ्याला जेमतेम सुरुवात झाली होती, तोच १५ सप्टेंबरला बर्मिंगहॅमच्या सोळाव्या रस्त्यावरच्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये बॉम्ब फुटला आणि चार मुली गेल्या. यापुढं प्रत्येक पत्रकार परिषदेत प्रश्न ठरलेला होता. दिल्लीत एलिंग्टन आजारी पडून रुग्णालयात गेले आणि बँडनं काही कार्यक्रम त्यांच्याशिवाय केले. २२ नोव्हेंबरला केनेडींची हत्या झाली, तेव्हा बँड तुर्कस्तानात होता. दौरा तिथंच थांबवला गेला.

यातून निघालेली संगीतरचना म्हणजे ‘फार ईस्ट सूट’. तिच्याबद्दल दोन गोष्टी. त्यातला ‘इस्फहान’ हा आल्टो सॅक्सोफोनचा तुकडा एलिंग्टन यांचे सहरचनाकार बिली स्ट्रेहॉर्न यांनी दौऱ्याच्या आधीच, वेगळ्या नावानं लिहिलेला होता. त्यामुळे इराणी शहराच्या सौंदर्यानं भारावून वगैरे लिहाल तर जाणकार हसतील. दिल्लीचा धागा खरा आहे तो साळुंकी पक्ष्याच्या शिट्टीवर बेतलेल्या तुकड्यात. दुसरं म्हणजे ध्वनिमुद्रण डिसेंबर १९६६ मधलं, अमेरिकेतलं. गिलेस्पींची ‘वर्ल्ड स्टेट्समन’ आणि ब्रुबेक यांची ‘जॅझ इम्प्रेशन्स ऑफ युरेशिया’ या तबकड्यादेखील परतल्यावर न्यूयॉर्कमध्ये झाल्या. ‘दौऱ्यात ध्वनिमुद्रित’ ही चिठ्ठी तिन्हींवर चुकीची ठरेल.

श्रवणसत्र ठेवणार असाल तर पाऊण ते सव्वा तास पुरे आणि सहा तुकड्यांहून जास्त नकोत. १९५६ चं सगळं मोनो आहे. साठच्या दशकात त्याच तबकड्या ओढूनताणून स्टिरिओ करून पुन्हा विकल्या गेल्या, एका बाजूला खर्ज वाढवलेला, दुसऱ्या बाजूला तार. मोठ्या सभागृहात त्या पोकळ वाजतात. मोनो प्रत शोधा. स्टिरिओ सुईनं मोनो तबकडी वाजवत असाल तर अँप्लिफायरचं मोनो बटण दाबा, खरखर लगेच कमी होते.

ब्रुबेक यांची ‘ब्लू राँडो’ तबल्यासह करून दाखवायचा मोह सगळ्यांना होतो. कराच, पण ती लय भारतातून घेतलेली नाही, इस्तंबूलच्या रस्त्यावरच्या वादकांकडून घेतली आहे. भारतावरचा तुकडा वेगळा, ‘कॅलकटा ब्लूज’. ‘राँडो’ची मोजणी अशी: १-२, १-२, १-२, १-२-३, असं तीनदा, आणि चौथ्या वेळी १-२-३, १-२-३, १-२-३. एकूण छत्तीस. तबलजींचा हात तीन-तीनच्या खंडाकडे ओढला जातो आणि चौथं आवर्तन आधीच येऊन बसतं. म्हणून आधी नुसत्या टाळीवर वीस मिनिटं घोटून घ्या, बोल नंतर. मधला एकल वादनाचा भाग सरळ चारचा आहे, तिथं तबल्यानं थांबावं हे उत्तम. आणि ‘टेक फाइव्ह’ ब्रुबेक यांची नाही, त्यांच्या चौकड्यातले सॅक्सोफोनवादक पॉल डेझमंड यांची आहे.

भाड्याचा पियानो आदल्या दिवशी मंचावर आणा आणि सभागृहाचा एसी रात्रभर चालू ठेवा. वीज वाचवायला तो बंद केला, की एप्रिलच्या मुंबईत दमटपणानं पियानोची लाकडी पाटी फुगते आणि स्वर चढतो. पियानो उतरलेला असेल तर ट्रम्पेटवाला नळी बाहेर ओढून जुळवून घेतो. चढलेल्या पियानोला त्याच्याकडे इलाज नसतो, कारण नळी मुळापेक्षा आत जात नाही. म्हणून सुरात लावायचं काम कार्यक्रमाच्या दिवशी, एसी चालू असताना, आणि दिवे लावून झाल्यावरच.

हक्कांचं थोडं. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं चालतो. १९५६ ला निघालेल्या तबकडीचा तो २०१६ अखेर संपला, १९५९ च्या तबकडीचा २०१९ अखेर. १९६७ ची ‘फार ईस्ट सूट’ २०२७ अखेरपर्यंत हक्कात आहे. पण रचनेचा हक्क निराळा, तो रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. एलिंग्टन १९७४ मध्ये गेले, ब्रुबेक २०१२ मध्ये. त्यामुळे ध्वनिमुद्रण मोकळं झालं म्हणजे सगळं मोकळं झालं, असं समजू नका. ध्वनिमुद्रणासाठी पीपीएल आणि रचनेसाठी आयपीआरएस, या परवाने देणाऱ्या दोन्ही संस्थांकडे वेगवेगळी विचारणा करा, आणि महिनाभर आधी करा.

मुंबई-गोव्याचा रकाना शेवटी जोडायचा नाही, सुरुवातीलाच घ्यायचा. वॉशिंग्टनला जॅझ सुचण्याच्या वीस वर्षं आधी, १९३५ मध्ये, लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय बँड ताजमहाल हॉटेलात वाजवत होता. त्यांच्या मागून ट्रम्पेटवाले क्रिकेट स्मिथ आले, पियानोवाले टेडी वेदरफर्ड आले. कोणतंही सरकार त्यांना पाठवत नव्हतं. पोटापाण्यासाठी आणि मायदेशातल्यापेक्षा बऱ्या वागणुकीसाठी ते समुद्र ओलांडत होते. वेदरफर्ड १९४५ मध्ये कलकत्त्यातच कॉलऱ्यानं गेले. त्यांच्या शेजारी बसून गोव्याचे वादक हे संगीत शिकले. हळदोण्याचे अंतोनियो शाव्हियेर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट. मिकी कोरिया, ज्यांचा बँड ताजमध्ये वर्षानुवर्षं होता. फ्रँक फर्नांड. पुढं हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत हेच हात होते. यांच्या घरांत अजून करारपत्रं, नोटेशनच्या वह्या, बँडचे ग्रुप फोटो आहेत. मागायला जाल तर मूळ कागद उचलून आणू नका. त्यांच्याच घरी सपाट टेबलावर सहाशे डीपीआयला स्कॅन करा, फोटोची मागची बाजूही घ्या (नावं तिथंच असतात), आणि प्रत त्याच दिवशी घरच्यांना द्या.

‘घरी’च्या रकान्यात एक नोंद १९४६ ची असू द्या. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचं कळल्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याची प्रत मागणारं पत्र तिथले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना लिहिलं. डु बॉइस यांनी जुलैअखेरीस उत्तर पाठवलं. मराठी वाचकाला हा धागा कुणी समजावून द्यावा लागणार नाही.

राहता राहिला खुर्च्यांचा प्रश्न. पुढच्या दोन रांगा वाणिज्य दूतावास, प्रायोजक आणि त्यांच्या मित्रमंडळींनी भरायच्या, ही पद्धत यंदा मोडा. त्यातली एक रांग लग्नाच्या आणि मिरवणुकीच्या बँडमध्ये वाजवणाऱ्यांसाठी आणि जुन्या गोवेकर वादकांच्या कुटुंबांसाठी ठेवा. नुसती पत्रिका धाडून ही माणसं येत नाहीत. एप्रिल हा लग्नसराईचा महिना, त्यामुळे बँडवाल्यांना रात्रीचा कार्यक्रम जमत नाही. सकाळी अकराचा खेळ ठेवलात तर जमेल. फलकांचा मजकूर मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दिलात तर तारखा, नावं आणि गावं आम्ही मोफत तपासून देऊ. त्यानंतर दिलात तर तपासू, पण छापखाना दुरुस्त्या घेईलच याची हमी आम्ही देऊ शकत नाही.

आपले,
जॅझ ऐकणारे, वाजवणारे आणि तबकड्या सांभाळणारे काही जण